निळ्या डबीवरची खूण : ब्लू-रे आणि ती घडवणाऱ्या उद्योगसंघाचे एका ग्राहकाने केलेले परीक्षण

माझ्या कपाटात दोनशेच्या वर ब्लू-रे तबकड्या आहेत. पहिली २०१० साली घेतली, शेवटची गेल्या महिन्यात. त्या निरनिराळ्या कंपन्यांनी काढलेल्या आहेत आणि चित्रपटही निरनिराळ्या देशांतले आहेत. पण प्रत्येक डबीच्या माथ्यावर खूण एकच आहे, आणि ती वापरण्याची परवानगी देणारी संस्थाही एकच आहे, ती म्हणजे ब्लू-रे डिस्क असोसिएशन. चित्रपटांची परीक्षणे रोज होतात, प्लेअरचीही होतात. परंतु तबकडी किती जाड असावी, तिच्यावर चित्र कोणत्या पद्धतीने साठवावे, कोणत्या देशातल्या प्लेअरने कोणती तबकडी चालवावी, हे सारे ज्या उद्योगसंघाने ठरवले, त्याच्या कामाचा हिशेब ग्राहकाच्या बाजूने मांडलेला मला मराठीत कुठे वाचायला मिळाला नाही. म्हणून हे परीक्षण एखाद्या तबकडीचे किंवा यंत्राचे नसून त्या खुणेचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. अभियांत्रिकीत या संघाने केलेले काम अव्वल दर्जाचे आहे, आणि पैसे मोजून तबकडी घेणाऱ्या माणसाशी त्याने जो व्यवहार ठेवला, तो मात्र त्या कामाला शोभणारा नाही.

१९ फेब्रुवारी २००२ रोजी सोनी, मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक), फिलिप्स, पायोनियर, हिताची, शार्प, सॅमसंग, एलजी आणि थॉमसन या नऊ कंपन्यांनी नव्या तबकडीची घोषणा केली. त्यांचा गट आधी ‘ब्लू-रे डिस्क फाउंडर्स’ या नावाने ओळखला जाई. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याचे रूपांतर सर्वांना सभासदत्व खुले असलेल्या असोसिएशनमध्ये झाले. पुढे संगणक बनवणारे, चित्रपट काढणारे स्टुडिओ, तबकड्या छापणारे कारखाने असे सगळेच त्यात आले. संघ स्वतः काहीही बनवत नाही. तो तांत्रिक प्रमाणे लिहितो, परवाने देतो, खूण लावण्याआधी उत्पादनांची चाचणी व्हावी असा आग्रह धरतो आणि या तबकडीचा प्रचार करतो. ‘ब्लू’ या इंग्रजी शब्दातले शेवटचे अक्षर गाळलेले दिसते, त्याचे कारणही परवान्याशीच निगडित आहे, कारण सर्वसामान्य शब्दाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होणे अवघड असते.

आता त्यांच्या खऱ्या कर्तबगारीकडे येतो. सीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणाने वाचली जाते, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या किरणाने, आणि ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळसर जांभळ्या किरणाने. तरंगलांबी जितकी लहान, तितका किरणाचा ठिपका बारीक आणि तितकेच तबकडीवरचे खळगे दाट बसवता येतात. हा जांभळा लेसर शक्य झाला तो जपानमधील निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर केलेल्या कामामुळे; निळ्या एलईडीसाठी त्यांना, अकासाकी आणि अमानो या शास्त्रज्ञांसह, २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु तोच लेसर प्रतिस्पर्ध्यांनाही उपलब्ध होता. तोशिबा आणि एनईसी यांनी पुढे आणलेली एचडी डीव्हीडी ही प्रतिस्पर्धी तबकडीही त्याच ४०५ नॅनोमीटरच्या किरणावर चालत असे. तरीही तिच्या एका थरात १५ गिगाबाइट मावत आणि ब्लू-रेच्या एका थरात २५. हा फरक कशाने पडला, हे समजून घेण्याजोगे आहे.

ठिपका बारीक करण्याचा दुसरा उपाय म्हणजे प्रकाश अधिक तीव्रपणे एकवटणारे भिंग वापरणे. भिंगाच्या या क्षमतेचा आकडा डीव्हीडीसाठी ०.६ होता, ब्लू-रेसाठी तो ०.८५ ठेवण्यात आला. मात्र असे भिंग वापरले की तबकडी फिरताना किंचित जरी कलली तरी ठिपका विस्कटतो, आणि किरणाला जितक्या जाड प्लास्टिकमधून जावे लागेल तितका तो अधिक विस्कटतो. म्हणून ब्लू-रेच्या अभियंत्यांनी माहितीचा थर तबकडीच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. डीव्हीडीत आणि एचडी डीव्हीडीत हे अंतर ०.६ मिलिमीटर आहे. तोशिबाच्या बाजूचा युक्तिवाद व्यवहार्य होता: जाडी तीच ठेवली की डीव्हीडी छापणारे कारखाने थोड्या फेरफाराने वापरता येतात आणि खर्च वाचतो. ब्लू-रेवाल्यांनी तो सोपा मार्ग सोडला, नवी यंत्रे लागतील हे मान्य केले, आणि त्याबदल्यात पुढच्या पंधरा-वीस वर्षांना पुरेल इतकी जागा मिळवली. आज ४के चित्रपटांच्या १०० गिगाबाइटच्या तबकड्या त्याच ०.१ मिलिमीटरच्या निर्णयावर उभ्या आहेत. मला या सगळ्या इतिहासात तो निर्णय सर्वांत धाडसाचा वाटतो.

त्याची किंमतही लगेच समोर आली. इतक्या पातळ आवरणाखाली माहिती असेल तर साधा ओरखडा किंवा बोटाचा ठसादेखील वाचनात अडथळा आणू शकतो. एप्रिल २००३ मध्ये सोनीने जपानमध्ये जो पहिला रेकॉर्डर विक्रीस आणला, त्याची किंमत साडेचार लाख येन होती आणि त्याच्या तबकड्या प्लास्टिकच्या बंद कुपीत असत. कुपीसकट तबकडी घरोघरी खपणे कठीण होते. टीडीके कंपनीने कठीण, पारदर्शक लेप तयार केला आणि कुपी गेली. प्रमाणात अशा संरक्षक आवरणाची अट असल्यामुळे आज ब्लू-रे डीव्हीडीपेक्षा कितीतरी अधिक सोशिक आहे. माझ्या दोनशे तबकड्यांपैकी एकीवरही वाचन अडेल असा ओरखडा पडलेला नाही; त्याच कपाटातल्या त्याच काळच्या डीव्हीडींपैकी सहा-सात अडखळतात. सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल फिरवून पुसू नये, एवढीच काळजी मी घेत आलो आहे.

चित्र आणि ध्वनी याबाबत मी फार लिहिणार नाही, कारण ते पाहून-ऐकूनच कळते. तरी दोन आकडे द्यायला हवेत. साध्या ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वाचली जाऊ शकते, आणि २०१५ साली प्रमाण निश्चित झालेल्या अल्ट्रा एचडी, म्हणजेच ४के, ब्लू-रेवर एकूण मर्यादा १२८ मेगाबिटपर्यंत जाते. याउलट नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी ग्राहकाला १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी असल्याचे सांगते. एकच चित्रपट मी ५५ इंची पडद्यावर दोन्ही मार्गांनी पाहिला. उजेडातल्या, फारशी हालचाल नसलेल्या दृश्यांत मला फरक सांगता आला नसता. परंतु धुके, धूर, पावसाच्या सरी, कंदिलाच्या उजेडातली खोली अशी दृश्ये आली की ओटीटीवर अंधारात पट्टे उठत होते आणि जुन्या फिल्मचा नैसर्गिक रवाळपणा सारवल्यासारखा सपाट होत होता. तबकडीवर तो रवा जसाच्या तसा होता. ध्वनीत तर फरक याहून स्पष्ट आहे, कारण तबकडीवर मूळ ध्वनी काहीही न गाळता साठवता येतो. छायालेखक आणि ध्वनिसंयोजक यांनी महिनोन्महिने घेतलेले कष्ट घरात पोहोचवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग सामान्य माणसाला आजही उपलब्ध नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र असे नव्हते, आणि संघाच्या समर्थकांनी ते विसरू नये. २००६ साली अमेरिकेत प्लेअर आले तेव्हा प्रमाणच अर्धवट होते. चित्रात चित्र दाखवण्याची सोय नोव्हेंबर २००७ नंतरच्या यंत्रांना बंधनकारक झाली, इंटरनेट जोडणी त्याही पुढच्या पायरीवर आली, आणि आधी घेतलेली बरीचशी यंत्रे सुधारता येण्यासारखी नव्हती, कारण त्यांत लागणारे भागच नव्हते. एचडी डीव्हीडीने या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून सक्तीच्या ठेवल्या होत्या. पहिल्या काही ब्लू-रे तबकड्या एकथरी होत्या आणि त्यांवर चित्र दाबून साठवण्याची जुनी एमपीईजी-२ पद्धत वापरलेली होती, त्यामुळे २५ गिगाबाइटची जागाही अपुरी पडून चित्र निराशाजनक दिसे. म्हणजे जिंकली ती तांत्रिकदृष्ट्या अधिक दूरचा विचार करणारी तबकडी, पण ग्राहकाला पहिली दोन वर्षे अपुऱ्या वस्तूचे पैसे मोजावे लागले. प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह असणे आणि ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने ब्लू-रेची बाजू घेणे, या दोन गोष्टींनी लढाईचा निकाल लागला. तोशिबाने माघार जाहीर केली तो दिवस होता १९ फेब्रुवारी २००८, म्हणजे नऊ कंपन्यांच्या घोषणेला बरोबर सहा वर्षे झाली तो दिवस.

येथून पुढे माझी तक्रार सुरू होते. डीव्हीडीच्या काळात जगाचे सहा व्यापारी विभाग केलेले होते आणि भारत पाचव्यात होता. ब्लू-रेने विभाग तीनवर आणले, एवढे श्रेय द्यावे लागेल. अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ‘ए’ मध्ये, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ‘बी’ मध्ये आणि भारत, चीन, रशिया ‘सी’ मध्ये. विभागाचे कुलूप लावायचे की नाही, हे प्रकाशकावर सोडलेले आहे. परंतु जिथे ते लावले जाते, तिथे त्याचा परिणाम किती विपरीत होतो ते पाहा. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत सापडली. इटलीत बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी जळक्या पट्ट्यांतून वाचवता येतील तेवढ्या चौकटी वाचवून, उरलेला भाग इतर प्रतींतून घेऊन चित्रपट पुन्हा उभे केले आणि २०१५ साली ते अमेरिकेत क्रायटेरियन या कंपनीच्या ब्लू-रेवर आले. ती तबकडी विभाग ‘ए’ ची आहे. बंगालमध्ये घडलेली, बंगालीत बोलणारी ही कलाकृती कोलकात्यात किंवा पुण्यात रीतसर विकत घेतलेल्या ‘सी’ विभागाच्या प्लेअरमध्ये घातली, तर पडद्यावर चित्राऐवजी विभाग जुळत नसल्याची सूचना येते. ज्याने चोरीची प्रत उतरवून घेतली त्याला ही सूचना कधीच दिसत नाही. ती दिसते फक्त पैसे भरणाऱ्याला.

मलाही एकदा असाच अनुभव आला. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी तीन तबकड्यांचा संच मागवला. वर्णनात विभागाचा उल्लेख नव्हता, आयात शुल्क भरून पाकीट हाती आले तेव्हा मागच्या बाजूला कोपऱ्यात षटकोनात ‘बी’ छापलेला दिसला. परत पाठवण्याचा खर्च संचाच्या किमतीइतका होता. तो संच अजून कपाटात आहे. चूक विक्रेत्याची आणि थोडी माझीही, हे मान्य. परंतु मुळात अशी चूक होऊ शकते ती विभागांची योजना अस्तित्वात आहे म्हणून. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे प्रमाण ठरवताना संघाने विभाग पूर्णपणे काढून टाकले, आणि मी या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. ४केच्या तबकडीला जगभर एकच बाजारपेठ चालते, तर जुन्या तबकडीलाही चालली असती.

दुसरी तक्रार कुलुपांची आहे. चित्रपटाच्या प्रत्येक ब्लू-रेवर नक्कल रोखणारी एएसीएस नावाची संरक्षण योजना असते. ती चालवणारी संस्था निराळी आहे, पण ती सक्तीची करण्याचा निर्णय ब्लू-रेच्या प्रमाणातला आहे. त्यामुळे काही नव्या तबकड्या जुन्या प्लेअरवर चालत नाहीत आणि प्लेअरमधली आज्ञावली अद्ययावत करावी लागते. कंपनीने त्या प्लेअरकडे लक्ष देणे थांबवले असेल तर ग्राहकाला दुसरा उपाय उरत नाही. ॲपल २००५ पासून या संघाच्या संचालक मंडळावर होती, तरीही तिने एकाही मॅकमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह बसवून विकला नाही. स्टीव्ह जॉब्स यांनी २००८ साली परवान्यांच्या गुंतागुंतीचे कारण जाहीरपणे दिले होते. ४के तबकडीच्या बाबतीत तर संगणकाचा रस्ता जवळजवळ बंदच झाला. ती संगणकावर पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एक विशिष्ट सुरक्षा सुविधा सक्तीची केली गेली, आणि २०२१ पासूनच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून इंटेलने ती सुविधाच काढून टाकली. नवा संगणक घेणारा माणूस विकत घेतलेली तबकडी अधिकृतपणे पाहू शकत नाही, अशी स्थिती निर्माण झाली. उद्योगसंघाने एखादी गोष्ट सक्तीची करताना ती दहा वर्षांनी मिळेल का, हा प्रश्न विचारायला हवा होता. ०.१ मिलिमीटरच्या बाबतीत ज्यांनी वीस वर्षांचा विचार केला, त्यांनीच येथे पाच वर्षांचाही केला नाही, याचे मला वाईट वाटते.

घरी लिहिता येणाऱ्या तबकड्यांबद्दल भारतात फार कमी बोलले जाते, म्हणून त्यांच्यावर थोडे अधिक. वडिलांनी १९८० च्या दशकात कॅसेटवर टिपलेली नाट्यसंगीताच्या घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणे, लग्नकार्यांची चित्रीकरणे आणि छायाचित्रे असे सारे मी संगणकात घेतले आणि त्याची एक प्रत हार्ड डिस्कवर व दुसरी एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रेवर ठेवली. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि ते उजेडाने, उकाड्याने, दमटपणाने खराब होते. कोकणातल्या घरात ठेवलेल्या माझ्या डीव्हीडी दहा वर्षांतच गेल्या. साध्या लिहिण्याजोग्या ब्लू-रेत थर असेंद्रिय पदार्थांचा असतो आणि म्हणून ती अधिक टिकाऊ असते. पण येथे एक मेख आहे. स्वस्तात पडाव्यात म्हणून पुढे ‘एलटीएच’ नावाचा प्रकारही मान्य केला गेला आणि त्यात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच वापरलेले असते. डबीवर ही तीन अक्षरे असतात, पण ऑनलाइन वर्णनांत ती क्वचितच आढळतात. जपून ठेवण्यासाठी घेणाऱ्यांनी ती अक्षरे शोधावीत आणि असतील तर ती तबकडी घेऊ नये. आणखी एक बारीक गोष्ट: २५ गिगाबाइटच्या तबकडीवर संगणक सुमारे २३.३ दाखवतो, तो मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे, फसवणूक नव्हे. १०० गिगाबाइटच्या बीडीएक्सएल तबकड्यांचे प्रमाण २०१० मध्ये आले. त्या लिहिण्या-वाचण्यासाठी तसा उल्लेख असलेलाच ड्राइव्ह लागतो.

भारतात ब्लू-रे रुजली का नाही, याचे उत्तर किमतीत आहे. ती दुकानात येऊ लागली त्याच सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ पासून हिंदीसह अनेक भारतीय भाषांतील चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली होती. त्या किमतीची सवय झालेल्या घराने हजाराच्या आसपासची तबकडी आणि तिच्यासाठी निराळा प्लेअर का घ्यावा, याचे उत्तर देण्याचा प्रयत्न संघाकडून झालेला मला कधी जाणवला नाही. प्रचाराचे जे काम संघाच्या नावावर आहे, ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही. माझ्या कपाटात एकही मराठी चित्रपट ब्लू-रेवर नाही, आणि तो शोधण्यात मी कसूर केलेली नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, जुन्या मराठी चित्रपटांच्या फिती तेथे जतन होतात. त्यांची जपलेली प्रत घरी बघायला मिळावी ही इच्छा बाळगणारा मी काही एकटा नसेन.

आज परिस्थिती आक्रसत चालली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे थांबवले, सॅमसंग २०१९ मध्ये बाजूला झाली, पुढे एलजीही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले, चित्रपटांच्या छापील तबकड्यांवर मात्र त्याचा परिणाम नाही. संस्थापक नऊपैकी काहीजणच आता स्वतःच्या अपत्यासाठी यंत्रे बनवतात, ही बाब संघाने गांभीर्याने घ्यायला हवी. तबकडी कितीतरी वर्षे टिकेल. ती वाचणारे यंत्र मिळत राहील अशी व्यवस्था, सुटे भाग आणि परवान्यांची सुलभता यांसह, करणे हे प्रमाण लिहिणाऱ्यांचेच काम आहे.

घ्यावे की नाही, असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे असे. महिन्याला एखादाच चित्रपट पाहणाऱ्याने यात पडू नये. ज्याला ठरावीक चित्रपट पुन्हा पुन्हा, नीट पाहायचे आहेत, ज्याच्याकडे मोठा पडदा आणि बऱ्यापैकी ध्वनिसंच आहे, त्याने सध्या मिळत असलेल्या पॅनासॉनिक किंवा सोनीच्या अल्ट्रा एचडी प्लेअरपैकी एक लवकर घेऊन ठेवावा. साध्या ब्लू-रे, डीव्हीडी आणि सीडी त्यातच चालतात. ४केची तबकडी उपलब्ध असेल तर तीच घ्यावी, म्हणजे विभागाचा प्रश्न येत नाही. साधी ब्लू-रे परदेशातून मागवताना डबीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र विक्रेत्याकडे आधी मागावे, आणि षटकोनातले अक्षर पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.